खर्जाची साथ न सोडणारा वीणावादक : उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर

मांडवीच्या तीरावरील कला अकादमी ही गोमंतकीयांच्या जिव्हाळ्याची वास्तू. तिचे शिल्पकार चार्ल्स कोरिया यांचे मूळ घराणे गोव्याचे. याच कोरियांनी उभारलेली दुसरी एक कलावास्तू भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठी, श्यामला टेकडीच्या उतारावर आहे. ‘भारत भवन’ या नावाने ती देशभर ओळखली जाते. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी तिचे उद्घाटन झाले, तेव्हा मध्य प्रदेशच्या या राजधानीत कलाविषयक मोठी जागृती सुरू झालेली होती. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८१ मध्ये, याच शहरात राज्य शासनाच्या आश्रयाने ध्रुपद केंद्र सुरू झाले होते. ध्रुपद ही गायकी आता संग्रहालयातच जायची, असे अनेक जाणकारांना वाटत असतानाच्या काळातील ही गोष्ट आहे.

या केंद्राची प्रत्यक्ष धुरा उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांच्याकडे होती. तेथे घडलेल्या शिष्यांच्या तोंडी मात्र नेहमी दोन नावे एकत्र येतात. दुसरे नाव फरीदुद्दीन यांचे थोरले बंधू आणि गुरू, रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचे. ज्या वाद्याला त्यांच्या काळी ना मोठा श्रोतृवर्ग होता, ना बाजारात मागणी, त्या वाद्याशी या माणसाने आयुष्यभर इमान राखले.

मोहिउद्दीन यांचा जन्म १४ मार्च १९२९ रोजी उदयपूर येथे झाला. वडील उस्ताद झियाउद्दीन खाँ हे मेवाडचे महाराणा भूपालसिंह यांच्या दरबारातील गायक आणि वीणावादक. आजोबा झाकिरुद्दीन खाँ आणि त्यांचे बंधू अल्लाबंदे खाँ ही जोडी विसाव्या शतकाच्या आरंभी ध्रुपदाच्या क्षेत्रात अखिल हिंदुस्थानात मान्यता पावलेली होती. त्यामागे जयपूरच्या बेहराम खाँ यांच्यापर्यंत जाणारी परंपरा. अशा घरात जन्मलेल्या मुलाने काय शिकावे, हा प्रश्न कुणी विचारतच नसे. कंठसंगीत आणि वीणा या दोन्हींची तालीम मोहिउद्दीन यांना वडिलांकडूनच मिळाली.

रुद्रवीणेला हिंदुस्थानी संगीतात ‘बीन’ असेही म्हणतात. हे नाव ऐकून गारुड्याची पुंगी डोळ्यांसमोर येण्याचा संभव आहे; पण तिचा आणि या वाद्याचा काही संबंध नाही. एक लांब पोकळ दांडी, तिच्या दोन टोकांकडे बांधलेले दोन मोठे भोपळे, दांडीवर मेणाने बसवलेले पडदे, वाजवायच्या चार मुख्य तारा आणि बाजूला चिकारीच्या तारा, अशी तिची रचना. सतारीला एक मोठा भोपळा असतो आणि तरफांच्या तारांचा झंकार असतो. वीणेपाशी तो झंकार नाही. तिची श्रीमंती आहे ती खर्जात. तार एकदा छेडली की नाद बराच वेळ रेंगाळतो, आणि त्या रेंगाळणाऱ्या नादात तार ओढून वादक एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंत मींड काढतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात जे स्थान डबल बासचे किंवा आजच्या बँडमध्ये बास गिटारचे, त्या खालच्या पट्टीत ही वीणा वावरते. फरक एवढाच, की बास गिटार इतरांना आधार देते. वीणा त्याच खोल पट्टीत राहून एकटीने संपूर्ण राग उभा करते.

मराठी रसिकांना हे वाद्य अगदीच परके नाही. गेल्या शतकापूर्वीचे थोर बीनकार बंदे अली खाँ हे इंदूरच्या होळकर दरबाराशी निगडित होते. आयुष्याच्या अखेरीस ते पुण्यात आले आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. बालवयात किर्लोस्कर नाटक मंडळीत असलेल्या भास्करबुवा बखले यांना त्यांच्याकडून काही काळ तालीम मिळाली होती. पुढे याच भास्करबुवांकडे आपल्या सूरश्री केसरबाई केरकर काही काळ शिकल्या. बीनेच्या नादाचा एक पुसट धागा असा केरीच्या मातीपर्यंत येऊन पोहोचलेला आहे. बंदे अली खाँ यांचा डागर घराण्याशीही नात्याचा आणि विद्येचा संबंध होता.

डागरांच्या घरी मात्र वीणेचे स्थान वेगळे होते. घराण्याची खरी ओळख गायनाची. वीणा होती ती प्रामुख्याने साधनेसाठी. स्वर नेमका कुठे लागतो, दोन स्वरांच्या मधली श्रुती कुठे दडलेली असते, हे पडद्यावर बोट ठेवून आणि तार ओढून तपासायचे आणि मग ते गळ्यात उतरवायचे, अशी ती पद्धत. देव्हाऱ्यातली मूर्ती जशी गावभर मिरवत नाहीत, तशी ही वीणा घरात असे. मैफलीत गायकच बसत. बीनकारांची विद्या घराबाहेर जाऊ न देण्याचा जुना दंडकही होताच. बाहेरच्या शिष्यांना बीन शिकवायची नाही म्हणून एकोणिसाव्या शतकात सूरबहार हे वाद्य पुढे आले, असे संगीतज्ञांत सांगितले जाते. परिणाम व्हायचा तोच झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बीनकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले.

त्यातच संस्थाने गेली. १९४८ मध्ये उदयपूर संस्थान राजस्थान संघात विलीन झाले. दरबारी कलावंतांच्या डोक्यावरचे छत्र गेले आणि नव्या आश्रयदात्यांच्या, म्हणजे आकाशवाणी, संगीत परिषदा आणि तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांच्या, शोधात त्यांना शहरांकडे वळावे लागले. वडिलांच्या निधनानंतर धाकट्या फरीदुद्दीनच्या शिक्षणाची जबाबदारीही मोहिउद्दीन यांच्यावर आली. गुरुत्वाचे ओझे त्यांनी फार लहान वयात उचलले. पुढे मुंबई ही त्यांची कर्मभूमी झाली आणि चेंबूर येथे त्यांनी बिऱ्हाड केले.

त्या मुंबईत सतार आणि सरोद यांचा सुवर्णकाळ सुरू होत होता. रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर खाँ यांच्या वादनाने देश-विदेशांतील श्रोते भारावून गेले होते. द्रुत लय, तबल्याशी सवाल-जवाब आणि झाल्याचा कल्लोळ यांना टाळ्या पडत होत्या. तंतुवाद्यावर इतकी हुकमत असलेल्या तरुणाला सतारीकडे वळणे अवघड नव्हते. नावही झाले असते आणि संसारही सुखाचा झाला असता. मोहिउद्दीन वीणेशीच राहिले. केवळ राहिले असे नव्हे, तर जी वीणा घरच्या साधनेत बंदिस्त होती, तिला त्यांनी व्यासपीठावर आणले आणि स्वतंत्र मैफलीचे वाद्य म्हणून उभे केले. घराण्याच्या दृष्टीने हे धाडसच होते.

परंतु ज्या वाद्यावर प्रेम आहे, ते आहे तसेच जपायचे, की त्याच्या मनातला नाद ओळखून त्याला नवे शरीर द्यायचे? हा प्रश्न प्रत्येक निष्ठावंत वादकापुढे कधी ना कधी येतो. डागरांच्या आलापात स्वर अतिशय सावकाश उलगडतो. मंद्र सप्तकातला एखादा स्वर घेऊन गायक त्याच्याभोवती बराच वेळ रेंगाळतो. गळ्याला हे साधते, कारण श्वास आहे तोवर स्वर टिकतो. तारेचा नाद मात्र छेडल्या क्षणापासून विरू लागतो. गळ्याचा आलाप वीणेवर पूर्णपणे उतरवायचा, तर नाद अधिक खोल हवा आणि अधिक काळ टिकणारा हवा.

या गरजेतून मोहिउद्दीन यांनी वीणेची घडण बदलली. कोलकात्याचे नामांकित वाद्यनिर्माते कनाईलाल यांच्या कारखान्यात त्यांच्या कल्पनेनुसार नवी वीणा तयार झाली. भोपळे मोठे झाले. दांडी जाड आणि आतून अधिक पोकळ झाली. तारा नेहमीपेक्षा जाड बसल्या. घोडीवरची जव्हारी अशी घासली गेली, की तारेचा स्पर्श तिला जवळून होत राहावा आणि नादाला दीर्घ, मऊ शेपूट मिळावी. ज्यांनी मिरजेच्या कारागिरांना तंबोऱ्याची जव्हारी काढताना पाहिले आहे, त्यांना हे काम किती नाजूक असते हे ठाऊक असेल. केसभर जास्त घासले की आवाज फाटतो, केसभर कमी राहिले की तो बंद होतो. आणि भोपळ्याचे तर मराठी मुलखाशी जुनेच नाते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात पिकणारे मोठे कडू भोपळे मिरजेच्या तंबोऱ्यांना लागतात. योग्य आकाराचे आणि योग्य जाडीच्या सालीचे फळ मिळणे हा निम्मा नशिबाचा भाग असतो. वाद्य हे असे शेतकरी, कारागीर आणि वादक या तिघांच्या हातून घडते.

वाद्य बदलले तशी ते धरण्याची रीतही बदलली. जुने बीनकार वज्रासनात बसून वीणेचा वरचा भोपळा डाव्या खांद्यावर घेत. मोहिउद्दीन यांची जड वीणा दाक्षिणात्य वीणेच्या बैठकीला जवळ जाईल अशा रीतीने, मांडीचा आधार देऊन वाजवली जाई. दुसरा बदल त्याहून सूक्ष्म होता. तारा छेडण्यासाठी बोटांत घालायची धातूची नखी त्यांनी काढून टाकली आणि ते उघड्या बोटांनी वाजवू लागले. नखीने तार छेडली की आरंभी एक धारदार टणत्कार होतो. उघड्या बोटाने तो टणत्कार नाहीसा होतो आणि स्वर जणू शांततेतूनच उगवल्यासारखा येतो. त्याची किंमतही होतीच. आवाज लहान झाला, द्रुत गतीचा चमत्कार दुरावला. दहा हजारांच्या मंडपाला भारून टाकणारे हे वादन नव्हते. ते मोजक्या श्रोत्यांसमवेत, शांत जागी बसून ऐकायचे होते. हे नुकसान मोहिउद्दीन यांनी समजून-उमजून पत्करले.

या बदलांवर आक्षेप घेण्यास जागा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जयपूरच्या बीनकार परंपरेतील उस्ताद असद अली खाँ यांनी त्याच काळात खांद्यावरची बैठक आणि खंडारबाणीचे जोरकस वादन अखेरपर्यंत निष्ठेने सांभाळले. परंपरेची निष्ठा म्हणजे जुने रूप जसेच्या तसे राखणे, असा अर्थ घेतला तर असद अली खाँ यांची वाट अधिक सरळ ठरते. मोहिउद्दीन यांनी निष्ठा वाद्याच्या रूपापेक्षा त्याच्या हेतूशी जोडली. वीणा ही गळ्याची सोबतीण, हे घरातले सूत्र त्यांनी कायम ठेवले आणि त्यासाठी लाकूड, तार आणि भोपळा बदलला. दोन थोर वादकांनी एकाच वाद्यावर दोन वेगळ्या रीतींनी प्रेम केले, हे रसिकांचे भाग्यच म्हणावे लागेल.

सत्तरच्या दशकापासून मोहिउद्दीन यांना परदेशांतून बोलावणी येऊ लागली. अमेरिकेतील वॉशिंग्टन, वेस्लियन आणि बर्कले येथील विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले. ज्या संगीताला मायदेशी जेमतेम श्रोते मिळत, ते संगीत तेथील विद्यार्थी तासन् तास मांडी घालून ऐकत होते. घराबाहेर विद्या न देण्याच्या दंडकाला त्यांनी केव्हाच मूठमाती दिली होती. भारतातही जात, धर्म, प्रांत न पाहता त्यांनी शिष्य केले. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन करणारे गायक ऋत्विक सान्याल हे त्यांचेच शिष्य. चित्रपट दिग्दर्शक मणी कौल हेही त्यांच्याकडे ध्रुपद शिकले. त्यांनी १९८२ मध्ये ‘ध्रुपद’ हा माहितीपट केला, त्यात दोन्ही बंधूंचे गायन-वादन आहे. आजही ज्याला ही वीणा आणि ती वाजवणारे हात पाहायचे असतील, त्याने हा माहितीपट अवश्य पाहावा.

याच सुमारास भोपाळचा अध्याय सुरू झाला. काही काळ युरोपात वास्तव्य करून परतलेले फरीदुद्दीन तेथे स्थिरावले आणि पुढे सुमारे पाव शतक त्यांनी केंद्रात शिकवले. निवडक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यायची आणि त्यांनी गुरूच्या सान्निध्यात राहून पहाटेच्या खर्ज साधनेपासून सगळी तालीम घ्यायची, अशी तेथील व्यवस्था होती. शासनाच्या पैशाने गुरुकुल चालवण्याचा हा प्रयोग त्या काळी नवीन होता. उज्जैनहून तेथे दाखल झालेल्या किशोरवयीन विद्यार्थ्यांत उदय भवाळकर हे मराठी नाव होते. आज पुण्यात राहून ध्रुपद गाणारे आणि शिकवणारे भवाळकर हे दोन्ही बंधूंचे शिष्य. गायकाने वीणावादकाकडून काय शिकावे, असा प्रश्न एखाद्याला पडेल. डागरांच्या घरात त्याचे उत्तर सोपे होते. तार ओढताना बोटाला जो प्रवास करावा लागतो, तोच प्रवास गळ्याने करायचा. मंद्रातला षड्ज जितका स्थिर, तितका वरचा राग भक्कम.

मुंबईजवळ पनवेलच्या परिसरात पळस्पे येथे मोहिउद्दीन यांनी ध्रुपदाचे गुरुकुल उभारले. शहराच्या गोंगाटापासून दूर, शिष्यांनी राहावे, पहाटे उठून खर्ज लावावा, आणि वीणेचा लहान आवाज ऐकू येईल इतकी शांतता भोवती असावी, अशी जागा त्यांना हवी होती. आज मुंबई-गोवा महामार्गाने प्रवास करणारा गोमंतकीय याच पळस्प्यावरून जातो. उपाहारगृहे आणि पेट्रोल पंपांच्या गर्दीत या नावामागे असे काही आहे, याची त्याला क्वचितच कल्पना असते.

मात्र नियतीने त्यांना फार अवधी दिला नाही. २८ सप्टेंबर १९९० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ६१. हिंदुस्थानी संगीतात साठी ही परिपक्वतेची सुरुवात मानली जाते. त्यांचे पुत्र बहाउद्दीन तेव्हा विशीत होते. वादक गेला की त्याचे वाद्य मुके होते. रुद्रवीणेसारख्या वाद्याच्या बाबतीत तर एक वादक जाणे म्हणजे एक पूर्ण रीत जाणे. सतारवादक गेला तर त्याच्या मागे शेकडो सतारवादक असतात. वीणेच्या मागे इतकी माणसे नव्हती. म्हणूनच त्या दिवशी डागरांच्या घरी आणि पळस्प्याच्या गुरुकुलात काय पणाला लागले होते, याची कल्पना करता येते.

तुटणारा तो धागा तुटला नाही. बहाउद्दीन यांनी वडिलांची विद्या पुढे चालवली. काका फरीदुद्दीन यांनी २०१३ मध्ये निधन होईपर्यंत पुतण्याला आणि शिष्यांना मार्गदर्शन केले. थोरल्या भावाने धाकट्याला शिकवावे आणि धाकट्याने ते ऋण थोरल्याच्या मुलाला शिकवून फेडावे, असे हे वर्तुळ पूर्ण झाले. बहाउद्दीन यांची वीणा आज देश-विदेशांत वाजते आणि तिचा घाट वडिलांनी घडवलेल्या वीणेचाच आहे.

आणखी एक गोष्ट घडली. १९८६ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे मोहिउद्दीन यांनी मोजक्या श्रोत्यांपुढे केलेल्या वादनाची ध्वनिमुद्रणे त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन दशकांनी तबकड्यांच्या रूपाने प्रकाशित झाली. ती प्रकाशित करणारी संस्था पाश्चात्त्य प्रायोगिक संगीताच्या वर्तुळातली होती. अतिशय खोल, संथ आणि दीर्घ नादावर प्रेम करणाऱ्या तिथल्या तरुण गिटारवादकांना या वीणेत आपला पूर्वज सापडला. उदयपूरच्या दरबारातून निघालेला खर्ज असा अनपेक्षित ठिकाणी जाऊन स्थिरावला.

गोव्याच्या वादकांना या चरित्राचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांत आयुष्य वेचलेले किती तरी गोमंतकीय वादक आपले व्हायोलिन, ट्रम्पेट वा डबल बास घेऊन गावी परतले. देवळाच्या सभामंडपात तंबोरा आणि पखवाज पिढ्यान् पिढ्या जपणारी घरेही आपल्याकडे आहेत. अशा घरांतील भिंतीवर टांगलेले, खोळीत गुंडाळलेले जुने वाद्य पुढच्या पिढीला अडगळ वाटू लागते, तेव्हा निर्णयाची घटका येते. ते तसेच शोभेला ठेवायचे, विकून टाकायचे, की त्याच्या तारा बदलून, घोडी घासून ते पुन्हा मांडीवर घ्यायचे?

झिया मोहिउद्दीन डागर यांनी तिसरा मार्ग निवडला. लोकांना काय आवडते हे पाहून त्यांनी वाद्य सोडले नाही आणि वाडवडिलांचे म्हणून त्याला हात लावायलाही ते कचरले नाहीत. आपल्या वीणेत जो खर्ज त्यांना ऐकू येत होता, तो इतरांच्या कानी पडेपर्यंत ते तिच्यापाशी बसून राहिले. भोपाळच्या तलावाकाठी ज्या मुलांनी त्या खर्जावर आपला पहिला षड्ज लावला, त्यांचे शिष्य आज गात आहेत. वीणेचा नाद छेडल्या क्षणापासून विरू लागतो हे खरे. पण तो किती दूरवर पोहोचू शकतो, हे या आयुष्याने दाखवून दिले आहे.